वास येतोय म्हणजे खत उडून चाललंय: कोंबडीच्या उकिरड्याची गोष्ट

 

१४ एप्रिल १८६४. पेरू देशाच्या किनाऱ्याजवळची तीन चिमुकली बेटं स्पेनच्या आरमाराने ताब्यात घेतली. नाव चिंचा बेटं. (आपल्या चिंचेशी काही संबंध नाही, पण नाव लक्षात राहायला बरं.) या बेटांवर झाड नाही, गोडं पाणी नाही, सोनं-चांदी तर नाहीच. होती ती फक्त पक्ष्यांची शीट, डोंगरासारखी साठलेली. आणि तेव्हाच्या पेरू सरकारच्या उत्पन्नातला निम्म्याहून जास्त पैसा याच शिटेच्या विक्रीतून येत होता. म्हणजे स्पेनने बेटं घेतली नव्हती, तिजोरीवर हात टाकला होता. पेरूच्या मदतीला चिली उतरला, मग इक्वेडोर आणि बोलिव्हिया आले, तोफा धडाडल्या, माणसं मेली.

आज हे सांगायचं कारण म्हणजे तुमच्यापैकी काही जणांनी पाठवलेले प्रश्न. सगळ्यांचा सूर एकच: परसात दहा-बारा गावठी कोंबड्या आहेत, खुराडं झाडलं की शीट निघते, कोंबडी कापली की पिसं निघतात, दोन्हीचा ढीग लावला तर शेजारी भांडायला येतात. वर सहा महिन्यांनी ढीग उकरला तर पिसं जशीच्या तशी. हे नीट कुजवायचं कसं?

याचं उत्तर मला इतिहासातूनच द्यायचंय, कारण उत्तर तिथेच सापडलं आहे. शेजाऱ्याच्या नाकात जातो तो वास अमोनियाचा, आणि अमोनिया म्हणजे नायट्रोजन. पिकाला जे हवं तेच हवेत उडून चाललंय, आणि जाताना भांडण लावून चाललंय. खताचा अख्खा इतिहास हा नायट्रोजनला धरून ठेवण्याचा इतिहास आहे असं मला वाटतं. कुणी तो धरला, कुणी उधळला, कुणी त्याच्यासाठी दुसऱ्याचं बेट लुटलं.

आधी कोंबडीचं पोट समजून घेऊ. गाय शेण वेगळं टाकते, मूत्र वेगळं. पक्ष्यांचं तसं नसतं, दोन्ही एकाच वाटेने एकत्र बाहेर येतं. शिटेवर जो पांढरा ठिपका दिसतो ना, ते पक्ष्याचं मूत्र. ते पाण्यासारखं पातळ नसतं, यूरिक आम्ल नावाच्या घट्ट रूपात असतं. गोठ्यातलं मूत्र जमिनीत मुरतं, नालीतून वाहून जातं. कोंबडीचा सगळा माल मात्र एकाच जागी पडतो, म्हणून शेणापेक्षा कोंबडीखत कितीतरी तेज. शेतकरी त्याला ‘गरम खत’ म्हणतात ते उगाच नाही. ताजं नेऊन मिरचीच्या रोपाला घातलं तर रोप करपतं.

हा तेजपणा माणसाला फार पूर्वीच कळला होता. पहिल्या शतकातला रोमन शेतीलेखक कोलुमेला याने खतांची चक्क क्रमवारी लावून ठेवली आहे: पक्ष्यांचं खत सर्वांत वर, त्यात कबुतरांचं पहिलं आणि कोंबड्यांचं त्याखालोखाल. बदकं, हंस वगैरे पाण्यातले पक्षी मात्र त्याने बाद केले होते. इराणमध्ये इस्फहानच्या आसपास आजही जुने कबुतरमनोरे उभे आहेत. आत हजारो कोनाडे, मधे पोकळी, खाली जमा होणारं खत. कबुतरं पाळायची ती मुख्यतः या खतासाठी, आणि ते जायचं टरबूज-खरबुजांच्या मळ्यांत.

आपल्याकडे? आपल्याकडे धनगर शेतात मेंढ्या बसवतात. रात्रभर कळप शेतात, सकाळी लेंडी आणि मूत्र जागच्या जागी, बदल्यात धान्य किंवा पैसे. मला ही फार हुशार व्यवस्था वाटते, कारण यात खत वाहून न्यायचा आणि साठवायचा प्रश्नच उरत नाही. माणसाच्या मैल्याच्या खताला आपण ‘सोनखत’ म्हणतो, एवढा मान. पण कोंबडीच्या शिटेला मराठीत असा काही मान मिळालेला मला दिसला नाही. शेणाच्या निदान गोवऱ्या होतात, चूल पेटते. शिटेची गोवरी होत नाही, सारवण होत नाही. म्हणून ती गेली सरळ उकिरड्यावर. बारा वर्षांनी उकिरड्याचेही पांग फिटतात म्हणतात. हिच्या उकिरड्याला जरा जास्तच वेळ लागला.

आता परत पेरूकडे. चिंचा बेटांवर लाखो समुद्रपक्षी राहायचे, पाणकावळ्यांच्या जातीचे, पेलिकन, बूबी. खाली थंड समुद्र आणि त्यात अफाट मासळी. पण खरी गंमत पक्ष्यांची नाही, हवेची आहे. त्या किनाऱ्यावर पाऊस जवळजवळ पडतच नाही. त्यामुळे शीट धुऊन गेली नाही, कुजली नाही, नुसती वाळत गेली. थरावर थर, हजारो वर्षं, काही ठिकाणी शंभर फुटांहून उंच. नायट्रोजन आत बंद. रोमन लेखकाने पाणपक्षी बाद केले आणि अठराशे वर्षांनी जगातलं सर्वांत महाग खत पाणपक्ष्यांचंच निघालं, हे मला फार आवडतं.

इंका लोकांना या खताची किंमत माहीत होती. गार्सिलासो दे ला वेगा हा अर्धा इंका, अर्धा स्पॅनिश लेखक १६०९च्या आपल्या ग्रंथात सांगतो की, विणीच्या हंगामात बेटांवर पाऊल ठेवायला बंदी होती आणि पक्षी मारणाऱ्याला देहदंड होता. ‘ग्वानो’ हा शब्दही तिथल्या केचुआ भाषेतला. युरोपला हे कळलं ते १८०४मध्ये अलेक्झांडर फॉन हुम्बोल्ट नमुने घेऊन परतला तेव्हा. १८४०च्या आसपास जहाजं सुरू झाली आणि पुढच्या चाळीस वर्षांत एक कोटी टनांहून जास्त ग्वानो बाहेर गेला.

तो खणला कोणी? मुख्यतः चीनमधून कराराने आणलेल्या मजुरांनी. करार नावाला, वागणूक गुलामाची. डोळ्यांत-फुप्फुसांत अमोनियाची धूळ, वर कडक ऊन, प्यायचं पाणीसुद्धा बाहेरून आणलेलं. कित्येकांनी कड्यावरून समुद्रात उड्या टाकल्या. इंग्लंडमधल्या सलगमाच्या शेताची हिरवळ वाढली ती या लोकांच्या जिवावर, आणि खताच्या पोत्यावर ते कुठेही लिहिलेलं नव्हतं.

हाव इतकी, की आफ्रिकेच्या नैऋत्य किनाऱ्यावर इचाबो नावाच्या छोट्या बेटावर ग्वानो सापडल्याचं कळताच १८४४मध्ये शेकडो जहाजं तिथे गोळा झाली आणि दोनेक वर्षांत बेट खरवडून खडक उघडा केला. अमेरिकेने १८५६मध्ये कायदाच केला: कुणाचाही ताबा नसलेलं ग्वानोचं बेट अमेरिकी नागरिकाला सापडलं, तर ते अमेरिकेच्या मालकीचं मानता येईल. प्रशांत महासागरातली बेकर, हाऊलंड, जार्विस ही बेटं अमेरिकेकडे आहेत ती याच वाटेने. नकाशा झूम करून बघा. समुद्राच्या मधोमध हे ठिपके अमेरिकेचे कसे, याचं उत्तर शीट.

ग्वानो संपत आला, तसं लक्ष वाळवंटातल्या खनिज नायट्रेटवर गेलं. त्याच्यासाठी १८७९ला चिली विरुद्ध पेरू-बोलिव्हिया असं मोठं युद्ध पेटलं. बोलिव्हियाचा समुद्रकिनारा गेला तो आजतागायत परत मिळालेला नाही. मग १९०९मध्ये जर्मनीत फ्रिट्झ हाबर यांनी हवेतला नायट्रोजन पकडून अमोनिया करून दाखवला, कार्ल बॉश यांनी १९१३मध्ये त्याचा कारखाना चालू केला, आणि युरियाच्या पोत्याकडे जाणारा रस्ता मोकळा झाला. तो भाग स्वतंत्र एपिसोडचा आहे, इथे थांबत नाही.

कारण त्याच सुमारास आपल्याजवळ काहीतरी वेगळं घडत होतं. इंदूरमध्ये. होळकरांच्या इंदुरात.

अल्बर्ट हॉवर्ड १९०५मध्ये सरकारी वनस्पतिशास्त्रज्ञ म्हणून भारतात, बिहारमधल्या पुसा इथे आले. पत्नी गॅब्रिएल याही तोडीच्या वैज्ञानिक होत्या आणि बरंचसं काम दोघांचं मिळून आहे. १९२४मध्ये कापूस समिती आणि मध्य भारतातली संस्थानं यांच्या पैशावर इंदूरला एक संशोधन संस्था उभी राहिली, होळकर दरबाराने सुमारे ३०० एकर जमीन दिली, आणि हॉवर्ड तिचे संचालक झाले. समोर काळी जमीन, कपाशी आणि एक साधी अडचण: खताला शेण कमी पडतं, कारण बरंचसं चुलीत जातं. मात्र पऱ्हाट्या, तुराट्या, गवत, पाला असा काडीकचरा मात्र भरपूर. मग थोड्या शेणात भरपूर काडीकचरा कुजवून चांगलं खत कसं करायचं?

प्रयोगांचं वर्णन वाचताना मला मजा आली ती त्यातल्या देशीपणाची. पऱ्हाट्या लाकडासारख्या कडक, लवकर कुजत नाहीत. त्यांनी काय केलं? शेतावरच्या रस्त्यावर पसरून ठेवल्या. येता-जाता बैलगाड्यांच्या चाकांखाली आणि खुरांखाली चिरडल्या गेल्या की उचलायच्या. यंत्र नाही, खर्च नाही. मग तो काडीकचरा बैलांखाली अंथरायचा, मूत्र शोषून घेऊ द्यायचं, आणि ३० फूट लांब, १४ फूट रुंद, जेमतेम २ फूट खोल खड्ड्यात थर लावायचे. त्यात शेणाचा काला, मूत्र मुरलेली माती, थोडी राख, आणि आधीच्या खड्ड्यातलं अर्धवट कुजलेलं खत विरजणासारखं. पंधराएक दिवसांनी पहिली पलटी, महिन्याने दुसरी, दोन महिन्यांनी तिसरी. ढीग आतून साठ-पासष्ट अंशांपर्यंत तापायचा. तीन महिन्यांत खत तयार. पावसाळ्यात खड्ड्यात पाणी साठतं म्हणून तेव्हा जमिनीवर ढीग. कोकणातल्या आणि मावळातल्या मंडळींनी हे शेवटचं वाक्य परत वाचा.

या सगळ्यामागे हिशेब होता. खड्ड्यात घालताना कार्बन नायट्रोजनच्या साधारण ३३ पट असावा. तयार खतात तो दहा पटीच्या आसपास येतो. कुजवणाऱ्या जंतूंना कार्बन हे जेवण, त्यातून ते ऊर्जा घेतात, आणि नायट्रोजन वापरून स्वतःचं शरीर बांधतात. कार्बन पुरेसा असेल तर नायट्रोजन त्यांच्या शरीरात अडकून राहतो. कमी पडला, तर उरलेला नायट्रोजन अमोनिया होऊन उडतो. पेरूमध्ये नायट्रोजनला कोरड्या हवेने धरून ठेवलं होतं. इंदुरात ते काम वाया जाणाऱ्या काडीकचऱ्याने केलं.

या कामाचं पुस्तक १९३१मध्ये ऑक्सफर्ड युनिव्हर्सिटी प्रेसने काढलं. त्यावर लेखकांची नावं दोन आहेत: अल्बर्ट हॉवर्ड आणि यशवंत डी. वाड. वाड हे संस्थेत रसायनशास्त्राचे मुख्य सहायक. म्हणजे कार्बन-नायट्रोजनचा जो हिशेब आत्ता सांगितला, तो ज्या खात्याचा होता त्या खात्याचे. पुढे हॉवर्ड ‘सर’ झाले, १९४०मध्ये त्यांचं एकट्याच्या नावाचं गाजलेलं पुस्तक आलं, जगभरची सेंद्रिय चळवळ त्यांना पितामह म्हणू लागली. ‘इंदूर पद्धत’ असं आज मोबाइलवर शोधा, हॉवर्ड लगेच सापडतील. वाड सापडायला बरंच खाली जावं लागतं, आणि गॅब्रिएल यांचंही जवळपास तेच. एखाद्या प्रोजेक्टमध्ये दोघांनी काम केलं आणि रिलीजच्या मेलमध्ये एकाचंच नाव आलं, तर आपण किती चिडतो! इथे तर पुस्तकाच्या मुखपृष्ठावर नाव होतं, तरी गळलं. तुम्ही ढीग लावणार असाल तर निदान ‘हॉवर्ड-वाड पद्धत’ म्हणा, एवढंच सुचवतो.

१९३५मध्ये गांधीजी इंदूरला आले तेव्हा हे खताचं काम मुद्दाम पाहायला गेले होते, आणि त्याच वर्षी ‘हरिजन’मधून या पद्धतीची माहिती दिली गेली.

आता या हिशेबात कोंबडी बसवू. इंदूरला कोंबडीखत नव्हतं, गाई-बैलांचं शेण होतं. पण हिशेब तोच. कोंबडीच्या शिटेत कार्बन नायट्रोजनच्या जेमतेम सात ते दहा पट. वाळलेल्या पानांत साधारण पन्नास पट, काडात ऐंशीच्या आसपास, लाकडाच्या भुशात काही शे पट. म्हणजे नुसत्या शिटेचा ढीग लावणं म्हणजे शेजाऱ्याला आमंत्रण. एक घमेलं शीट असेल तर दोन-तीन घमेली सुका माल हवा: पालापाचोळा, उसाचं पाचट, गव्हाचं काड, भाताचं तूस. एक मोठी कोंबडी दिवसाला शंभर-सव्वाशे ग्रॅम ओली शीट टाकते. दहा कोंबड्यांचा रोजचा किलोभर माल झाला. तेव्हा उन्हाळ्यात पानगळ होते तेव्हाच पाला पोत्यात भरून ठेवा, जुलैत सुका पाला मिळत नाही.

एक गोष्ट मात्र इंदूरवरून जशीच्या तशी उचलू नका, ती म्हणजे राख. तिथे काडीकचऱ्याचा ढीग आंबट होतो म्हणून राख घालत. आपल्याकडे खुराड्यात वास मारायला राख टाकायची सवय आहे, पण ओल्या शिटेवर राख किंवा चुना पडला की अमोनिया उलट जास्त सुटतो. राख कोंबड्यांना धुळीत लोळायला ठेवा. शिटेवर तूस किंवा पाला टाका.

ढीग तीन फूट लांब, तितकाच रुंद आणि उंच तरी हवा, त्याहून लहान असेल तर नीट तापत नाही. ओल इतकी की मूठ दाबल्यावर हाताला जाणवावी, पाणी गळू नये. पावसाळ्यात वर ताडपत्री, नाहीतर नायट्रोजन वर न उडता खाली वाहून जाईल. तापणं महत्त्वाचं, कारण कोंबडीच्या शिटेत साल्मोनेलासारखे पोट बिघडवणारे जंतू असतात. ढीग पंचावन्न अंशांवर पंधराएक दिवस राहावा आणि तेवढ्यात चार-पाचदा पालटला जावा, म्हणजे बाहेरचा मालही आत जाऊन तापतो. लांब दांडीचा थर्मामीटर मिळाला तर घ्या. नसेल तर लोखंडी सळई आत खुपसून ठेवायची, दहा मिनिटांनी काढून हात लावायचा. धरवत नसेल तर ठीक चाललंय.

आणि पिसं. पीस म्हणजे जवळजवळ शुद्ध प्रथिन, केराटिन. आपली नखं-केस ज्याचे तेच. वजनाच्या साधारण पंधरा टक्के नायट्रोजन, शिटेहून कितीतरी जास्त. पण केराटिनच्या साखळ्या गंधकाच्या जोडांनी एकमेकींना अशा जखडलेल्या असतात की साध्या जंतूंची डाळ शिजत नाही. त्यात पीस तेलकट, पाणी झटकून टाकणारं. नायट्रोजन धरून ठेवण्यात ग्वानोनेही हात टेकावेत असा हा माल. फक्त तो सोडतही नाही.

याचं कुलूप उघडलं कसं, ही छोटीशी गोष्ट मजेदार आहे. अमेरिकेत नॉर्थ कॅरोलिना स्टेट विद्यापीठात जेसन शिह यांचा गट कोंबडीखतापासून गॅस करण्याच्या, गरम ठेवलेल्या टाकीवर काम करत होता. त्या टाकीतल्या मालातूनच त्यांनी पिसं खाणारा एक जंतू वेगळा काढला, बॅसिलस लायकेनिफॉर्मिस जातीचा, आणि १९९०मध्ये ते प्रसिद्ध केलं. म्हणजे पिसांची किल्ली कोंबडीच्याच शिटेत होती. गरम, ओल्या, जंतूंनी भरलेल्या ढिगात पीस हरतं. कोरड्या ढिगावर पिसांचा गठ्ठा नुसता ठेवला तर वर्षभर तसाच राहतो, आणि वाऱ्याने गल्लीभर उडतो ते वेगळंच.

म्हणून पिसं आधी शिटेच्या काल्यात रात्रभर बुडवून ठेवायची, वर दगड ठेवून, कारण ती तरंगतात. जमलं तर कात्रीने किंवा कोयत्याने तुकडे करायचे. मग पातळ पातळ थरांत ढिगाच्या पोटात घालायची, कडेला नाही. गठ्ठा झाला तर त्याची ओली गादी होते, आत हवा जात नाही. आतडी आणि रक्त या घरगुती ढिगात नको. त्याला कुत्री, घुशी, माश्या येतात.

एक सीमा पक्की. फेब्रुवारी २००६मध्ये भारतातला पहिला बर्ड फ्लू सापडला तो आपल्याच नंदुरबार जिल्ह्यात, नवापूरला. लाखो कोंबड्या मारून पुराव्या लागल्या, आणि कोंबडीवर पोट असलेल्या माणसांचं त्या काळात काय झालं ते तिकडच्या लोकांना विचारा. घरातल्या दोन-चार कोंबड्या एकाएकी मेल्या तर त्या, त्यांची पिसं, त्यांची शीट, काहीही ढिगात जाणार नाही. हात लावण्याआधी पशुवैद्यकीय दवाखान्याला कळवायचं. ढीग तापतो म्हणून सगळं मरतं, या भरवशावर राहायचं नाही.

बाकी चांगल्या दिवसांत, तीन-चार महिन्यांनी ढीग थंड होतो, काळा होतो, पावसानंतरच्या मातीसारखा वास येतो. आणखी महिनाभर तसाच ठेवायचा आणि मग चाळायचा. चाळणीत पिसांच्या दांड्या उरतील, जाड टोकाच्या, मळकट, काहींच्या कडेला अजून केस चिकटलेले. त्या फेकू नका. पुढच्या ढिगाच्या मधोमध घाला, त्यांच्यावर पिसं खाणारे जंतू आधीच बसलेले असतात.

भेटू पुढच्या भागात.